‘द ट्रायल’ : आरोप न सांगणाऱ्या न्यायालयाची कथा

फ्रान्झ काफ्का (१८८३-१९२४) या प्रागमध्ये जन्मलेल्या जर्मनभाषक लेखकाची ‘द ट्रायल’ ही कादंबरी विसाव्या शतकातील सर्वाधिक चर्चिल्या गेलेल्या साहित्यकृतींपैकी एक आहे. ‘डेर प्रोत्सेस’ हे तिचे मूळ जर्मन नाव. काफ्काने ती १९१४-१५ मध्ये लिहिली, पण पूर्ण केली नाही. तिचे प्रकाशन त्याच्या मृत्यूनंतर, २६ एप्रिल १९२५ रोजी बर्लिनमधील ‘दी श्मीड’ या प्रकाशनसंस्थेने केले. आपला गुन्हा कोणता हे कधीच न कळलेला एक माणूस आणि आपला कायदा कोणता हे कधीच न सांगणारे एक न्यायालय, एवढाच या कादंबरीचा ऐवज आहे. मात्र तेवढ्या ऐवजावर अपराध, न्याय आणि सत्ता यांच्याविषयी तिने उभे केलेले प्रश्न शंभर वर्षांनंतरही निकाली निघालेले नाहीत. अगम्य यंत्रणेच्या चक्रात सापडलेल्या माणसाच्या अवस्थेला जगातील अनेक भाषांत ‘काफ्काएस्क’ म्हणण्याचा प्रघात पडला, त्याचे मोठे श्रेय याच पुस्तकाला द्यावे लागते.

कायद्याचा पदवीधर, विम्याचा अधिकारी

न्यायव्यवस्थेवर लिहिणारे बहुतेक कादंबरीकार तिच्याकडे बाहेरून पाहतात. काफ्काचे तसे नव्हते. प्रागच्या जर्मन विद्यापीठातून १९०६ मध्ये त्याने कायद्याची डॉक्टरेट मिळवली आणि त्यानंतर वर्षभर तेथील न्यायालयांत विनावेतन उमेदवारी केली. एका खासगी विमा कंपनीतील अल्पकाळच्या नोकरीनंतर १९०८ मध्ये तो बोहेमिया राज्याच्या कामगार अपघात विमा संस्थेत रुजू झाला आणि क्षयामुळे १९२२ मध्ये निवृत्त होईपर्यंत तेथेच राहिला. कारखान्यांची धोक्यानुसार वर्गवारी करणे, मालकांच्या हरकतींना उत्तरे देणे, अपघात टाळण्याच्या उपायांवर अहवाल लिहिणे हे त्याचे काम होते. लाकूड रंधण्याच्या यंत्रांवर कामगारांची बोटे कशी तुटतात आणि ती कशी वाचवता येतील, यावर त्याने लिहिलेला अहवाल प्रसिद्ध आहे. दगडाच्या खाणींतील असुरक्षिततेवरही त्याने सविस्तर लिहिले होते. ‘द ट्रायल’चा नायक अखेरीस मारला जातो तो एका दगडाच्या खाणीतच.

ही पार्श्वभूमी ध्यानात घेतली, म्हणजे कादंबरीच्या भाषेचे कोडे काहीसे उलगडते. अत्यंत विलक्षण गोष्टी काफ्का कचेरीतल्या टिपणाच्या निर्विकार, नेमक्या भाषेत सांगतो. अर्ज, टाचण, तारीख, वरिष्ठ-कनिष्ठ, हुकूम, तहकुबी हे त्याचे रोजचे जग होते. त्या जगातील शब्द त्याने जसेच्या तसे उचलले आणि त्यांच्या बुडातील अर्थ मात्र काढून घेतला.

हॉटेलातील न्यायासन

कादंबरीच्या जन्माला एक खासगी प्रसंग कारणीभूत ठरला, असे अभ्यासक मानतात. बर्लिनमध्ये राहणाऱ्या फेलीस बाउअर या तरुणीशी काफ्काची ओळख १९१२ मध्ये झाली. पुढे दोघांत शेकडो पत्रांची देवघेव झाली आणि १ जून १९१४ रोजी बर्लिनमध्ये साखरपुडा झाला. मात्र लग्न आणि लेखन यांच्या ओढाताणीत सापडलेल्या काफ्काची चलबिचल थांबेना. १२ जुलै १९१४ रोजी बर्लिनच्या ‘आस्कानिशर होफ’ या हॉटेलात फेलीसने, तिची बहीण आणि एक मैत्रीण यांच्या उपस्थितीत, त्याला जाब विचारला. त्याने बचावादाखल फारसे काही सांगितले नाही. साखरपुडा मोडला. या बैठकीचा उल्लेख काफ्काने आपल्या रोजनिशीत हॉटेलातले न्यायालय अशा अर्थाने केला आहे.

त्यानंतर महिन्याभरातच, ऑगस्ट १९१४ मध्ये, पहिले महायुद्ध पेटलेले असताना त्याने ‘द ट्रायल’ लिहावयास घेतली. पहिले आणि शेवटचे प्रकरण त्याने आरंभीच लिहिले. मधला मार्ग मात्र त्याला पुरा करता आला नाही, आणि जानेवारी १९१५ मध्ये हे लेखन थांबले. काफ्काची फेलीसला लिहिलेली पत्रे १९६७ मध्ये प्रसिद्ध झाल्यावर एलियास कानेटी या लेखकाने त्यांच्या आधारे ‘काफ्काचा दुसरा खटला’ अशा अर्थाच्या नावाचे एक पुस्तकच लिहिले. कादंबरीतील कुमारी ब्यूर्स्टनर या पात्राची आणि फेलीस बाउअरची जर्मन आद्याक्षरे एकच आहेत, हे अभ्यासकांनी पूर्वीच हेरले होते. अर्थात ही कादंबरी म्हणजे मोडलेल्या साखरपुड्याची कैफियत नव्हे. साखरपुड्याने तिला बीज दिले. त्यातून उगवलेले झाड मात्र निराळेच आहे.

अटक झाली, पण तुरुंग नाही

एका बँकेतील वरिष्ठ अधिकारी जोसेफ के. याला त्याच्या तिसाव्या वाढदिवशी सकाळी, तो राहतो त्या भाड्याच्या खोलीत, दोन अनोळखी माणसे अटक करतात. कारण विचारले असता, ते सांगण्याचा आपल्याला अधिकार नाही, असे उत्तर मिळते. ही माणसे त्याचा नाश्ता खाऊन टाकतात आणि त्याच्या चांगल्या कपड्यांवर डोळा ठेवतात. समोरच्या घराच्या खिडकीतून शेजारी हा प्रकार तमाशासारखा पाहत राहतात. थोड्या वेळाने निरीक्षक त्याला सांगतो, की अटक झाली असली तरी त्याने खुशाल बँकेत जावे. नेहमीच्या जगण्यात काहीही व्यत्यय येणार नाही.

या एका सवलतीमुळे कादंबरी नेहमीच्या तुरुंगकथेपासून वेगळी होते. के.ला कोणी कोठडीत टाकत नाही, मारहाण करत नाही, की पहारा ठेवत नाही. तो कामावर जातो, ग्राहकांना भेटतो, बढतीची चिंता करतो. खटला बाहेरून त्याला बांधत नाही, तो हळूहळू त्याचे मन व्यापतो.

पहिली चौकशी रविवारी ठेवली जाते. ठिकाण असते शहराबाहेरच्या गरीब वस्तीतील एक मोठी चाळवजा इमारत. वेळ कळवलेलीच नसते. के. स्वतःच नऊ वाजण्याची वेळ ठरवतो, आणि नेमका मजला माहीत नसल्याने लांझ नावाच्या एका काल्पनिक सुताराची चौकशी करत दारोदार हिंडतो. अखेर कपडे धूत असलेली एक बाई त्याला आतल्या दाराकडे बोट दाखवते. आत माणसांनी खच्चून भरलेले न्यायालय असते, आणि दंडाधिकारी त्याला सुनावतो, की तू एक तास पाच मिनिटे उशिरा आला आहेस. लगेच पुढचा प्रश्न येतो, तू रंगारीच ना? के. बँकेचा अधिकारी असल्याचे सांगतो आणि या साऱ्या व्यवस्थेचे वाभाडे काढणारे तडफदार भाषण ठोकतो. सभेतले अर्धे लोक टाळ्या वाजवतात, अर्धे गप्प बसतात. शेवटी त्याच्या लक्षात येते, की दोन्ही बाजूंच्या लोकांच्या गळपट्ट्यांवर एकच बिल्ला आहे. विरोधी पक्ष म्हणून येथे कोणी नाहीच. सारे न्यायालयाचेच आहेत.

पुढच्या रविवारी कोणी बोलावले नसताना तो पुन्हा जातो. सभागृह रिकामे असते. टेबलावरच्या जाडजूड ग्रंथांत कायदा असेल म्हणून तो ते उघडतो, तर आत अश्लील चित्रे निघतात. पोटमाळ्यावरील कोंदट कचेऱ्या पाहताना त्याचा जीव घुसमटतो, आणि दोघांच्या आधाराने त्याला बाहेर आणावे लागते. तेथे काम करणाऱ्यांना मात्र बाहेरची मोकळी हवा सोसत नाही.

बचाव नावाचा उपद्व्याप

पुतण्याच्या खटल्याची वार्ता कळताच गावाकडून आलेला काका त्याला हुल्ड नावाच्या आजारी वकिलाकडे नेतो. हुल्ड या शब्दाचा जर्मन अर्थ कृपा किंवा मर्जी असा आहे, आणि हा वकील खरोखरच कायद्याच्या आधारावर नव्हे, तर ओळखीपाळखीच्या आधारावर चालतो. त्याने वर्णिलेली न्यायालयाची कार्यपद्धती हा कादंबरीतील उपरोधाचा उत्तम नमुना होय. आरोपपत्र आरोपीलाही पाहता येत नाही आणि वकिलालाही. त्यामुळे पहिली लेखी कैफियत मुद्द्याला धरून असली तर ती केवळ योगायोगाने. शिवाय ती कैफियत बहुधा कोणी वाचतच नाही. वस्तुतः या न्यायालयाला बचाव मान्य नाही, तो फक्त चालवून घेतला जातो. वकिलांच्या बसण्याची खोली इतकी मोडकळीस आली आहे, की जमिनीला पडलेल्या भोकातून एखाद्याचा पाय खालच्या मजल्यावर, अशिलांच्या डोक्यावर लोंबकळतो.

याच ओघात हुल्ड एक किस्सा सांगतो. रात्रंदिवस एका गुंतागुंतीच्या प्रकरणात डोके घालून वैतागलेला एक म्हातारा अधिकारी सकाळी दारात उभा राहून येईल त्या वकिलाला जिन्यावरून खाली ढकलू लागला. त्याला दुखवून तर चालणार नव्हते. तेव्हा वकिलांनी ठरवले, की एकेकाने वर जायचे आणि थोडाफार विरोध करत स्वतःला ढकलून घ्यायचे, खाली सहकारी झेलतील. तासाभरात म्हातारा दमला आणि कचेरीत परतला. मग सारे आत गेले. आपल्याकडे ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ असे म्हणतात. काफ्काच्या वकिलांना पायरी चढण्याआधी ती उतरण्याचा सराव करावा लागतो.

ब्लॉक हा व्यापारी हुल्डचा दुसरा अशील. त्याचा खटला पाच वर्षांहून अधिक काळ चालू आहे. धंद्यातला सारा पैसा त्यात ओतून झाला आहे. हुल्डला अंधारात ठेवून त्याने आणखी पाच वकील लावले असून सहाव्याशी बोलणी चालू आहेत. तो वकिलाच्याच घरी, मोलकरणीच्या खोलीत पडून राहतो, कारण वकिलाला केव्हा भेटण्याची लहर येईल याचा नेम नाही. के.च्या देखत हा एकेकाळचा सधन माणूस वकिलाच्या खाटेपुढे गुडघे टेकतो. ते दृश्य पाहताना के.ला, आणि वाचकालाही, खटल्याचे भविष्य दिसते. शिक्षा होण्याच्या कितीतरी आधी माणूस संपलेला असतो.

सुटकेचे तीन प्रकार

कादंबरीतील कायदेशीर विनोदाचा कळस आहे टिटोरेली या चित्रकाराच्या प्रकरणात. न्यायाधीशांची चित्रे काढण्याचे काम त्याला वडिलांकडून वारशाने मिळाले आहे. त्याच्या एका चित्रात न्यायदेवता आणि विजयदेवता एकत्र आहेत. तिच्या पायांना पंख असून ती धावते आहे. न्यायदेवता धावू लागली तर तराजू डळमळेल आणि न्याय होणार नाही, अशी शंका के. बोलून दाखवतो. चित्र रंगत जाते, तशी ती देवता शिकारीच्या देवतेसारखी दिसू लागते.

टिटोरेलीच्या मते सुटका तीन प्रकारची असते. पहिली खरी निर्दोष मुक्तता. तीत खटल्याचे सारे कागद नष्ट होतात. अशी मुक्तता झाल्याच्या दंतकथा आहेत, पण आपल्या उभ्या आयुष्यात त्याने एकही पाहिलेली नाही. दुसरी भासमान मुक्तता. आरोपीच्या निर्दोषत्वाबद्दल चित्रकार न्यायाधीशांच्या सह्या गोळा करतो आणि आरोपी मोकळा होतो. पण हे न्यायाधीश खालच्या पायरीचे. अंतिम मुक्ततेचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाला, आणि तेथवर कोणीच पोचत नाही. कागद नष्ट होत नाहीत, ते या कचेरीतून त्या कचेरीत फिरत राहतात. एके दिवशी कोणीतरी न्यायाधीश ती फाइल उघडतो आणि पुन्हा अटकेचा हुकूम देतो. मुक्त होऊन घरी परतणाऱ्या माणसाच्या दारात दुसऱ्या अटकेचे शिपाई आधीच उभे असू शकतात. तिसरा प्रकार लांबवणुकीचा. खटला सदैव प्राथमिक अवस्थेतच ठेवायचा. त्यासाठी न्यायाधीशाला नियमित भेटायचे, छोट्यामोठ्या चौकशांना हजर राहायचे, आणि खटला चालू असल्याचा देखावा टिकवायचा.

दुसरा आणि तिसरा प्रकार आरोपीला शिक्षेपासून वाचवतात, मात्र ते खऱ्या मुक्ततेपासूनही वंचित ठेवतात, हे के. ताडतो. टिटोरेली त्याला अगदी एकसारखी अनेक निसर्गचित्रे विकतो. निरोप घेताना खाटेमागचे दार उघडावे, तर पलीकडे न्यायालयाचीच कचेरी! शहरातील जवळपास प्रत्येक माळ्यावर न्यायालय आहे, असे कळते. त्याच्या बाहेर अशी जागाच उरलेली नाही.

दाराशी बसलेला माणूस

कादंबरीच्या उत्तरार्धात के. बँकेच्या कामासाठी शहरातील मोठ्या चर्चमध्ये जातो. तेथील धर्मोपदेशक त्याला नावाने हाक मारतो. तो तुरुंगाचा धर्मगुरू, म्हणजे न्यायालयाचाच माणूस निघतो. तो के.ला एक दृष्टान्त सांगतो. खेड्यातून आलेला एक माणूस कायद्याच्या दाराशी येतो. दार उघडे असते, पण द्वारपाल म्हणतो, आता आत जाता येणार नाही, पुढे कदाचित येईल. माणूस वाट पाहत बसतो. वर्षे सरतात. जवळ होते नव्हते ते सारे तो द्वारपालाला लाच म्हणून देऊन टाकतो. द्वारपालाच्या कोटावरील पिसवांशीसुद्धा त्याची ओळख होते. मरणाच्या वेळी तो विचारतो, की कायदा तर सर्वांनाच हवा असतो, मग इतक्या वर्षांत दुसरे कोणी कसे आले नाही? तेव्हा त्याला कळते, की ते दार केवळ त्याच्याचसाठी होते. आता ते बंद केले जाणार असते.

‘कायद्यासमोर’ अशा अर्थाचे शीर्षक देऊन हा दृष्टान्त काफ्काने १९१५ मध्ये एका साप्ताहिकात स्वतंत्रपणे प्रसिद्ध केला होता. ‘द ट्रायल’मधील हा भाग त्याच्या हयातीतच वाचकांसमोर आला. त्यावर आजवर अगणित भाष्ये झाली आहेत. पण पहिले भाष्यकार कादंबरीतच आहेत. द्वारपालाने माणसाला फसवले, असे के. म्हणतो. धर्मगुरू मात्र एकेक प्रतिवाद मांडत जातो. द्वारपालाने खोटे काही सांगितले नाही, तो आपल्या कर्तव्याला चिकटून राहिला, किंबहुना फसला असेल तर तोच. माणूस आपल्या इच्छेने आला होता, द्वारपाल मात्र नोकरीने बांधलेला होता. चर्चा संपते तेव्हा निष्कर्ष एकही हाती लागत नाही. मुळातला उघडा दरवाजा आणि त्यातून आत न गेलेला माणूस, एवढेच चित्र मनात राहते.

एकतिसाव्या वाढदिवसाच्या आदल्या रात्री झब्बू कोट आणि उंच टोप्या घातलेली दोन माणसे के.ला नेण्यास येतात. तो त्यांची वाटच पाहत असल्यासारखा बसलेला असतो. खाणीत पोचल्यावर ती माणसे त्याच्या अंगावरून एकमेकांकडे सुरा देत-घेत राहतात. सुरा आपणच घेऊन स्वतःला संपवावे, अशी त्यांची अपेक्षा असल्याचे त्याला उमगते. तो ते करत नाही. दूर एका खिडकीत दिवा लागतो, कोणीतरी हात पसरून झुकते. तो मित्र आहे, की केवळ बघ्या, हे कळण्याआधीच सुरा चालतो. मरताना के.च्या मनात येते ते न्यायाचे नव्हे, लाजेचे. ही लाज आपल्यामागेही उरेल, असे त्याला वाटते. काफ्काने १९१९ मध्ये वडिलांना लिहिलेल्या प्रदीर्घ पत्रात हाच भाव स्वतःच्या संदर्भात पुन्हा आला आहे.

के. निर्दोष होता काय?

या कादंबरीचे सर्वांत सोपे वाचन असे : के. निष्पाप, न्यायालय दुष्ट. नाझी आणि साम्यवादी राजवटींच्या अनुभवानंतर अनेकांनी ती हुकूमशाहीचे भाकीत म्हणून वाचली, आणि त्यात तथ्य नाही असे नाही. काफ्काच्या तिन्ही बहिणी पुढे नाझींनी घडवलेल्या ज्यूंच्या संहाराला बळी पडल्या, हे ठाऊक असलेल्या वाचकाला पहाटे दारावर आलेली माणसे निराळीच दिसतात. अटकेची कारणे आरोपीला कळवण्याचे बंधन भारतीय राज्यघटनेच्या २२ व्या अनुच्छेदाने राज्यसंस्थेवर घातले आहे. त्या बंधनाचे मोल काय, हे समजून घेण्यासाठीही ‘द ट्रायल’ वाचावी.

मात्र खुद्द काफ्काची नोंद या सोप्या वाचनाच्या आड येते. ३० सप्टेंबर १९१५ रोजी रोजनिशीत त्याने आपल्या दोन नायकांची तुलना केली आहे. ‘अमेरिका’ या कादंबरीतील कार्ल रॉसमान निर्दोष आणि के. दोषी, असे तो लिहितो. आणि शेवटी दोघांनाही भेद न करता शिक्षा म्हणून मारले जाते, असेही नोंदवतो. के. दोषी कशाचा, हे मात्र तो सांगत नाही.

पुस्तकात काही खुणा आहेत. के.ने अटक करणाऱ्या दोन शिपायांविरुद्ध भर न्यायालयात तक्रार केली. पुढे एके संध्याकाळी बँकेतील अडगळीच्या खोलीत त्यांनाच वेताने फोडून काढले जात असलेले त्याला दिसते. ते गयावया करतात. के. लाच देऊन पाहतो. पण शिपायाची किंकाळी ऐकून बँकेतील नोकर धावत येतात, तेव्हा तो त्यांना कुत्रा ओरडल्याचे सांगून दार लावून घेतो. दुसऱ्या दिवशी दार उघडतो, तर आत तेच दृश्य जसेच्या तसे चालू! तो पुन्हा दार लोटतो आणि नोकरांना ती खोली साफ करायला सांगतो. कुमारी ब्यूर्स्टनरशी तो दांडगाईने वागतो. बायकांकडे तो मदतीच्या आशेनेच पाहतो. गावातल्या आईला तो वर्षानुवर्षे भेटलेला नाही. यांपैकी काहीही कायद्याच्या पुस्तकातला गुन्हा नव्हे. पण आपण कोणाचे काही देणे लागतो काय, हा प्रश्न त्याला वर्षभरात एकदाही गंभीरपणे पडत नाही. स्वतःच्या निर्दोषत्वाची ग्वाही तो सतत देतो, आणि त्याच वेळी कायदा आपल्याला माहीत नसल्याचेही कबूल करतो. ही विसंगती त्याला अटक करणाऱ्या शिपायांनीच पहिल्या सकाळी दाखवून दिली होती.

येथे मूळ जर्मन शब्द साहाय्यास येतात. ‘शुल्ड’ या एकाच शब्दात दोष, अपराध, जबाबदारी आणि ऋण असे सारे अर्थ सामावतात. मराठीत गुन्हा वेगळा आणि ऋण वेगळे. त्यामुळे अनुवादात या शब्दाचे दोन तुकडे पडतात. तसेच ‘प्रोत्सेस’ म्हणजे खटला आणि प्रक्रियाही. निकाल एकाएकी लागत नाही, खटल्याची प्रक्रियाच हळूहळू निकाल बनत जाते, अशा आशयाचे धर्मगुरूचे विधान या दुसऱ्या अर्थावर उभे आहे.

पण के.मध्ये दोष आढळला म्हणून न्यायालय न्यायी ठरत नाही, हेही तितकेच खरे. माणूस म्हणून असलेल्या उणिवांसाठी सुरा चालवण्याचा अधिकार कोणत्या कायद्याने दिला? वाचक के.चे वकीलपत्र घेतो तेव्हा त्याचे दोष आड येतात, आणि न्यायालयाच्या बाजूला उभा राहतो तेव्हा खाणीतले ते दृश्य आड येते. कादंबरीची खरी ताकद या दोन्ही गोष्टी एकाच वेळी धरून ठेवण्यात आहे.

हे सारे वाचताना काफ्काचा विनोद विसरता कामा नये. पहिले प्रकरण त्याने मित्रांना वाचून दाखवले तेव्हा सारे खदखदून हसले, आणि स्वतः काफ्काला हसू आवरेना म्हणून वाचन थांबवावे लागले, अशी आठवण त्याचा मित्र माक्स ब्रोड याने लिहून ठेवली आहे.

हस्तलिखिताचा खटला

आपले अप्रकाशित लेखन न वाचता जाळून टाकावे, अशी लेखी इच्छा काफ्काने ब्रोडपाशी व्यक्त केली होती. ब्रोडने ती मानली नाही. ‘द ट्रायल’चे कागद १९२० पासूनच त्याच्याकडे होते. प्रकरणे सुटी होती आणि त्यांचा क्रम काफ्काने कोठेही लिहिलेला नव्हता. तो ब्रोडने आपल्या तर्काने लावला, आणि अपुरी प्रकरणे पहिल्या आवृत्तीतून वगळली. हा क्रम बरोबर की चूक, यावर आजही वाद आहे. माल्कम पास्ली यांनी १९९० मध्ये हस्तलिखितावर आधारलेली चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. १९९७ मधील एका जर्मन आवृत्तीने तर क्रमाचा निर्णयच टाळला आणि सोळा सुट्या पुस्तिका वाचकाच्या हाती दिल्या.

मार्च १९३९ मध्ये नाझी फौजा प्रागमध्ये शिरण्याच्या सुमारास ब्रोड हस्तलिखितांची पेटी घेऊन पॅलेस्टाइनकडे निसटला. १९६८ मध्ये तेल अवीव येथे तो वारला. त्याच्याकडील कागद त्याची सचिव एस्थर होफे यांच्याकडे गेले. ‘द ट्रायल’चे हस्तलिखित १७ नोव्हेंबर १९८८ रोजी लंडनमध्ये लिलावात दहा लाख पौंडांना विकले गेले, आणि ते आता जर्मनीतील मारबाख येथील साहित्य संग्रहालयात आहे. होफे यांचे २००७ मध्ये निधन झाल्यावर उरलेल्या कागदांच्या मालकीवरून इस्रायलमध्ये खटला उभा राहिला. एका न्यायालयातून दुसऱ्या न्यायालयात जात तो २०१६ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयात संपला, आणि ते कागद इस्रायलच्या राष्ट्रीय ग्रंथालयाकडे सोपवण्याचा निकाल कायम झाला. काफ्काच्या कागदांनाही तारखांचा फेरा चुकला नाही.

पडसाद

विला आणि एडविन म्यूर यांच्या १९३७ मधील अनुवादाने ही कादंबरी इंग्रजी वाचकांपर्यंत पोचवली. ऑर्सन वेल्स यांनी १९६२ मध्ये तिच्यावर चित्रपट काढला. त्यात के.ची भूमिका अँथनी पर्किन्स यांनी केली, वकील स्वतः वेल्स झाले. १९९३ च्या चित्रपटाची पटकथा हॅरॉल्ड पिंटर यांची होती. काफ्काच्या मायभूमीत मात्र साम्यवादी राजवटीने दीर्घकाळ त्याच्याकडे संशयाने पाहिले. मे १९६३ मध्ये लिब्लित्से येथे भरलेल्या परिषदेनंतर तेथे त्याच्यावर मोकळेपणाने बोलले जाऊ लागले.

मराठीत जी. ए. कुलकर्णी आणि विलास सारंग यांच्या कथांची चर्चा करताना समीक्षक काफ्काचे नाव घेत आले आहेत. न्यायालयाचे नाटक आणि नाटकातले न्यायालय यांची सरमिसळ करणारे विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (१९६७) आणि चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ (२०१४) हा चित्रपट काफ्काच्या प्रेरणेतून आले, असा दावा करण्याचे कारण नाही. पण ‘द ट्रायल’ वाचलेल्या माणसाला ते निराळ्या कानांनी ऐकू येतात. एका ठिकाणी खेळ म्हणून सुरू झालेला खटला लीला बेणारेला खरोखरच घेरतो, तर दुसऱ्या ठिकाणी कोणाच्याही मनात विशेष द्वेष नसताना एक म्हातारा लोकशाहीर तारखांच्या यंत्रात अडकतो.

प्रथमच वाचणाऱ्याने ‘द ट्रायल’कडे रहस्यकथेसारखे पाहू नये. आरोप काय होता, हे शेवटच्या पानावरही कळत नाही, आणि ते शोधत बसणाऱ्याचा ब्लॉक व्यापारी होतो. अटकेची सकाळ, टिटोरेलीचा पोटमाळा आणि चर्चमधील दृष्टान्त ही तीन प्रकरणे सावकाश वाचावीत. के.च्या बाजूने न्यायालयावर आरोप ठेवता ठेवता, अडगळीच्या त्या खोलीचे दार आपण स्वतः किती वेळा लोटून घेतले आहे, याची आठवण मध्येच कधीतरी होते. काफ्काचे न्यायालय वाचकाला समन्स पाठवते ते तेव्हा.